पोटावरच्या जांभळ्या रेघा

गेल्या महिन्यात आमच्या सेतू केंद्रात एक पोरगी जातीच्या दाखल्यासाठी आली होती. बावीस-तेवीसची असेल. मी तिचा फॉर्म भरत होते आणि ती एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हातानं ओढणीखालून कंबर खाजवत होती. ते खाजवणं मी लांबून ओळखते. आधारकार्ड काढताना तिच्या पर्समधून एक ट्यूब टेबलावर पडली, निम्मी पिळलेली. मी फॉर्म बाजूला ठेवला, ट्यूब उचलली आणि विचारलं, किती दिवसांपासून लावायलीस? तिनं ट्यूब माझ्या हातातून ओढून घेतली आणि तुम्हाला काय करायचंय असं तोंडावर विचारलं. तिचं काही चुकलं नाही. मी दाखले काढून देणारी बाई, मी कशाला चौकशा करायच्या? मागं लाइन होती. ती पावती घेऊन गेली आणि मला जे सांगायचं होतं ते तोंडातच राहिलं.

म्हणून हे लिहायला बसले. तिला वाचायला मिळेल की नाही, माहीत नाही.

मी सुजाता. तेरला राहते, रोज एसटीनं धाराशिवला कामाला जाते. माझ्या पोटावर दोन्ही बाजूंनी, मांड्यांच्या आतून आणि काखेपासून दंडापर्यंत रेघा आहेत. काही करंगळीएवढ्या रुंद. आता त्या पांढऱ्या पडल्यात, पण तेव्हा वांग्याच्या सालीसारख्या जांभळ्या होत्या. मला मूल झालेलं नाही, कधी दिवसही गेलेले नाहीत. हे वाक्य मला इतक्या वेळा बोलावं लागलं की आता बोलताना माझाच आवाज मला खोटा वाटतो.

खाज

सुरुवात गजकर्णानं झाली. सलवारीची नाडी जिथं बांधतो तिथं एक गोल चट्टा उठला. उन्हाळ्याचे दिवस, एसटीत उभं राहून यायचं, घामानं कपडे अंगाला चिकटलेले. आठ दिवसांत एकाचे चार चट्टे झाले. मेली ती खाज अशी की समोर माणूस बसलाय याचंही भान राहायचं नाही. मेडिकलवर गेले, लाजत लाजत सांगितलं, त्यानं न बघता एक ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज गेली. मला वाटलं, काय औषध आहे! महिन्याभरात दुप्पट होऊन परत आली. पुन्हा ट्यूब. पुन्हा गेली, पुन्हा आली.

मग शेजारच्या काकूंनी एका डॉक्टरचं सांगितलं. हायवेला लागून असलेल्या एका गावात त्याचा दवाखाना होता. गावाचं नाव लिहीत नाही, त्याचंही नाही. बाहेर पाटी होती. पाटीवर नावापुढं काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. मी, जी रोज लोकांच्या कागदावरची चूक काढते. गर्दी एवढी की नंबर लावायचा. त्यानं एक इंजेक्शन दिलं आणि कागदाच्या पुड्यांत बारीक पांढऱ्या गोळ्या बांधून दिल्या. गोळीवर नाव नाही, पाकीट नाही. रोज सकाळी जेवून घ्यायच्या आणि बंद करायच्या नाहीत, एवढंच बोलला.

खाज गेली ती गेलीच. आठ-नऊ महिने मी त्या गोळ्या खाल्ल्या. पुड्या संपल्या की माय स्वतः बसनं जाऊन आणायची. रोज सकाळी तांब्याभर पाणी आणि एक गोळी हातावर ठेवायची आणि मी गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. माझी माय लिहा-वाचायला शिकलेली नाही, पण औषधाची वेळ तिनं एक दिवस चुकवली नाही.

अंगानं भरले

मी आधी काडी होते. बघायला आलेल्या दोन घरांनी त्याच कारणावरून नको म्हणून कळवलं होतं. गोळ्या सुरू झाल्या आणि मला भूक लागायला लागली. साधी भूक नाही, आधाशासारखी. चार भाकरी खाऊन उठायचं आणि तासाभरानं डब्यात हात घालायचा. गाल वर आले. तोंड गोल झालं, लाल झालं. पोट पुढं आलं, मानेमागं गादी आली. हातपाय मात्र तसेच काटकुळे. हे विचित्र आहे असं एकालाही वाटलं नाही. उलट ज्याच्या त्याच्या तोंडी कौतुक. तब्येत सुधारली, अंगानं भरली, गोरी झाली. माय तर हरखून गेली होती. औषध मानवलं म्हणायची. खाजेवरचं औषध घेतलं आणि पोरीचं नशीब उघडलं, असं तिला वाटत होतं.

कळंबकडचं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या आईनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि चांगली खात्यापित्या घरची दिसतीय म्हणाली. ते तोंड सुजलेलं होतं. सुजलेल्या तोंडावर माझं लग्न ठरलं.

आतून काय चाललंय ते मला ठाऊक होतं, पण कशाला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. एसटीच्या पायरीवर पाय टाकला की गुडघ्यातून जोरच यायचा नाही, दांडीला लटकून चढावं लागायचं. कुठं टेबल लागलं तरी काळानिळा डाग. पाळी तीन महिने आली नव्हती. आणि कमरेवर त्या रेघा. पहिल्यांदा मला वाटलं नाडीचा वळ असेल. नाडी सैल बांधायला लागले. रेघा वाढत गेल्या, रुंद होत गेल्या. हात फिरवला की तिथली कातडी खोलगट लागायची, एकदम मऊ, आत काही नसल्यागत.

मी कुणाला दाखवल्या नाहीत. पोट उघडं करून दाखवायचं कुणाला? आणि लग्न तोंडावर आलेलं. म्हटलं, झाकलेल्या जागी आहेत, राहू देत. ही माझी चूक आणि मी ती दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही.

हळद

आमच्यात लग्न विहारात साधं लागतं. हळद लावू नका असं तिथं सांगतातही. दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, तसंच हवं होतं. ते एसटीत कंडक्टर आहेत, बोलायला कमी. पण माझी आत्या, दादांची थोरली बहीण, लग्नासाठी आठ दिवस आधीच येऊन बसली होती. तिनं ऐकलं नाही. एकुलती एक पोरगी, पिवळी झाल्याशिवाय बोहल्यावर जाणार न्हाय, असा तिचा हट्ट. आत्याच्या हट्टापुढं दादा गप्प बसतात, जन्मापासून.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मुलाकडच्या पाच-सहा बाया त्याची उष्टी हळद घेऊन आल्या. त्याला लावून उरलेली हळद नवरीला लावायची, हा रिवाज. तोंडाला, हातापायांना हळद लागली, हसणं-खिदळणं झालं, आणि मग आत्यानं मला न्हाऊ घालायला मोरीत नेलं. मी म्हटलं, माझी मी करते अंघोळ. आत्या म्हणाली, नवरीनं आपल्या हातानं पाणी घ्यायचं नसतं. परकर छातीवर बांधून मी पाटावर बसले. तिनं दोन तांबे ओतले. ओला परकर अंगाला चिकटला, तिनं पाठ चोळायला तो बाजूला केला आणि तिचा हात थांबला.

तिनं मोरीचं दार आतून लावून घेतलं. परकर पुढून सोडला, पोट बघितलं, मांड्या बघितल्या. मग दार किलकिलं करून मायला आत बोलावलं. तिघींना उभं राहायला जागा नव्हती. आत्यानं मायला बोटानं एकेक रेघ दाखवली. तिच्या पोटी चार पोरं झालेली, या रेघा कशानं येतात ते तिला पक्कं ठाऊक होतं. मायलाही ठाऊक होतं. आणि माझी पाळी आली नाही हेही मायला ठाऊक होतं, दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

मायनं माझा दंड धरला. तिच्या हाताला हळद होती.

"कुणाचं हाय?" ती म्हणाली.

मला प्रश्नच कळला नाही. खरंच सांगते, मला वाटलं ती परकराचं विचारायलीय. मग कळलं आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटेना. आत्यानं त्याचा अर्थ लावला. मी रडायला लागले तर त्याचाही लावला. नंतर मी म्हणत राहिले, माय, माझं काही नाही, तुझी शपथ, पण तोवर मायनं तोंड भिंतीकडं केलं होतं. बाहेर उष्टी हळद घेऊन आलेल्या बाया होत्या. मोरीचं दार पत्र्याचं. त्यांनी काय ऐकलं, काय ताडलं मला माहीत नाही. चहा न घेता त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच फोन आला आणि लग्न मोडलं. मांडव दुपारपर्यंत तसाच उभा होता, मग मांडववाला येऊन काढून घेऊन गेला.

चार दिवस

मायनं मेडिकलवरून तपासायचं कार्ड आणलं. त्यावर एकच रेघ उमटली, म्हणजे काही नाही. मी ते कार्ड मायपुढं धरलं. मला वाटलं संपलं. आत्या म्हणाली, त्या कारडाला काय कळतंय? मी म्हटलं, सोनोग्राफी करू, आत्ता चला. तर म्हणे गावभर बभ्रा करायचाय का अजून? तपासायचं नाही आणि विश्वासही ठेवायचा नाही. अशा वेळी माणसानं काय करावं, तुम्हीच सांगा.

दादांनी मला काही विचारलं नाही. ड्युटीवर जायचे, यायचे, ताट पुढं ओढून जेवायचे. माझ्याकडं बघायचे नाहीत. मला त्यांनी रागवावं असं वाटायचं.

माय सकाळी माझ्यापुढं यायची बंद झाली. पाणी नाही, गोळी नाही. पुडी फडताळावर असायची, पण माझंही चित्त कुठं थाऱ्यावर होतं? लग्न मोडलं, आता खाजेचं काय घेऊन बसायचं! कुणी ठरवून बंद केल्या नाहीत त्या गोळ्या. नऊ महिने रोज खाल्लेली गोळी एका दिवसात सुटली, आणि ते आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मला मळमळायला लागलं. चौथ्या दिवशी सकाळपासून उलट्या. पाणी प्यायलं तरी बाहेर. आत्या दारात उभी राहून बघत होती. मायला म्हणाली, "आता तरी बघ. कशाच्या उलट्या करायलीय ती?" माय वाकळ शिवत बसली होती. ती लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून देते. तिनं मान वर केली नाही. मी ओसरीला भिंत धरून उभी होते आणि मला माझ्या मायची नुसती टाळू दिसत होती. त्या घडीला मला मरावंसं वाटलं, हे मी लपवत नाही. आणि मी मरतच होते, तेही कुणाला माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी उठले आणि मोरीच्या उंबऱ्यावर पडले. त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. रिक्षाचं पिवळं छत. दादांचा खाकी शर्ट. त्यांची ड्युटीची पिशवी माझ्या डोक्याखाली. आत्या म्हणत होती, गावातल्याच नर्सबाईला बोलवा, धाराशिवला नेऊन शोभा करू नका. दादा रिक्षावाल्याला चल म्हणाले.

गोळ्या कुठल्या?

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. माझं बीपी लागत नव्हतं, साखर पार खाली गेली होती. त्यांनी पोट तपासायला कुडता वर केला. मी डोळे मिटून घेतले, म्हटलं आता हिचाही तोच प्रश्न येणार. त्यांनी रेघांवर बोट फिरवलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडं केलं, मानेमागं हात लावला. सासू होणाऱ्या बाईनं हनुवटी धरली होती तशीच, पण बघितलं वेगळं.

"गोळ्या कुठल्या खातेस?" त्यांनी विचारलं. "कधीपासून? आणि बंद कधी केल्यास?"

मला रडू कोसळलं. उत्तर मायनं दिलं. तिला एकेक पुडी पाठ होती.

सलाइन लागलं, त्यातून औषध गेलं. अर्ध्या दिवसात मी उठून बसले. मला तेव्हा गंमत वाटली होती, आता राग येतो, की ज्यानं मी मरायला टेकले तेच औषध देऊन मला उठवलं. स्टेरॉइड. मॅडमनी समजावून सांगितलं ते असं, की शरीराला थोडं स्टेरॉइड रोज लागतं आणि ते आपल्या आतच तयार होतं. बाहेरून आयतं मिळायला लागलं की आतलं काम बंद पडतं. मग बाहेरचं एकदम तोडलं तर शरीराजवळ काहीच उरत नाही. म्हणून त्या गोळ्या कुणी दिल्या यापेक्षा त्या एका दिवसात सुटल्या हे जास्त घातकी ठरलं. माझ्यासारखी कुणी वाचत असेल तर तिनं एवढंच डोक्यात ठेवावं. घाबरून फेकून देऊ नका. जी काय गोळी असेल ती घेऊन खऱ्या डॉक्टरकडं जा, ते हळूहळू उतरवतील.

मग रेघा. मायनंच विचारलं. पदर तोंडाला लावून, माझ्याकडं न बघता, की पोटात काही नसताना हे असलं कसं येतं?

मॅडम स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, कातडी वरून एक दिसते, पण तिच्या मधल्या थरात धाग्यांचं विणलेलं जाळं असतं. काही धागे बळकटीचे, काही ताणून परत जागेवर येणारे. या औषधानं जुने धागे झिजतात आणि नवे तयार होत नाहीत. त्यात त्याच औषधानं पोट सुटतं, कातडीला ताण बसतो. मग आतले धागे तुटतात. वरचा पापुद्रा तसाच राहतो, पण इतका पातळ होतो की खालच्या रक्ताचा रंग वर दिसतो. म्हणून जांभळं. पोटुशा बाईला येतात तेव्हाही ताण असतोच, शिवाय त्या दिवसांत अंगात जे बदल होतात त्यानंही धागे सैल पडतात. झपाट्यानं उंची वाढणाऱ्या पोरांच्या पाठीवर येतात. व्यायामशाळेत जाणाऱ्यांच्या दंडावर येतात. नुसती ट्यूब महिनोन्‌महिने चोळली तरी त्या जागी येतात. पोटात मूल होतं म्हणूनच आल्या, असं रेघा बघून कुणालाही सांगता येत नाही.

मायनं पदराचा काठ चिमटीत धरून चोळून बघितला. मग म्हणाली, "म्हंजी फाटलं न्हाय. विरलं."

मॅडमना विरणं कळलं नाही. मायनं सांगितलं, जुनं लुगडं वरून धड दिसतं, उजेडाला धरलं की मधले दोरे गेलेले दिसतात. मॅडम म्हणाल्या, अगदी तसंच.

वॉर्ड

नऊ दिवस होते मी तिथं. पहाटेच बोटाला सुई टोचून साखर बघायचे. बीपीचा पट्टा दंडाला आवळला की दंडावर काळा डाग उठायचा, म्हणून एक नर्स आधी माझी ओढणी गुंडाळायची आणि मग पट्टा लावायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला. झाडायला येणाऱ्या मावशींनी एकदा माझे केस विंचरून वेणी घातली. पाच दिवस कुणी माझ्या अंगाला मायेनं हात लावला नव्हता. वेणी घालून झाल्यावर मी म्हटलं, अजून एकदा घाला. त्यांनी सोडून पुन्हा घातली.

दादा ड्युटी करून यायचे, केळी आणायचे आणि सोलून हातात द्यायचे. अजूनही बोलत नव्हते, पण बघायला लागले होते. सोनोग्राफीत काही निघालं नाही. आत्याला कळवलं तर ती म्हणाली, मग आधी होऊन गेलं असंल, वळ हायतच की. एवढं बोलून ती आपल्या गावी गेली. तिचं बोलणं मात्र आमच्या गल्लीत राहिलं.

सुट्टी व्हायच्या दिवशी मायनं मॅडमना हात जोडले. फाइलमध्ये मराठीत लिहून द्या म्हणाली, की हे डाग बाळाचे न्हाइत. मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांनी मला विचारलं, तुला हवंय का असं लिहून? मला वाटलं जमीन दुभंगावी. सव्वीस वर्षांची बाई मी, चार लोकांत बसून काम करणारी, आणि माझ्या पोटाचा दाखला निघणार. रोज मी लोकांना रहिवासी, उत्पन्नाचा, जातीचा दाखला देते. असला दाखला मी कधी ऐकला नव्हता.

"लिहा," मी म्हटलं.

घरी आल्यावर माय ती फाइल घेऊन घरोघरी गेली. तिला एक अक्षर वाचता येत नाही. मॅडमनी लिहिलेलं पान कुठलं ते कळावं म्हणून तिनं त्या पानाला लाल दोरा टाचला होता. एकेका दारात उभी राहून ती ते पान पुढं करायची आणि वाचा म्हणायची. कुणी वाचलं, कुणी राहू द्या हो म्हणून परत दिलं. मी खिडकीतून बघत होते. कधी तिची कीव यायची, कधी फाइल हिसकून चुलीत घालावी वाटायची.

कळंबकडच्यांनाही फाइल गेली. त्यांचा निरोप आला, आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई एकदा पोरीला बघतील, मग पुढचं बोलू. माय जायला तयार झाली होती, चप्पलसुद्धा घातली होती. तेव्हा दादा बोलले. "माझी पोरगी म्हंजी तिकीट न्हाय, हरेकानं तपासायला," म्हणाले. इतक्या दिवसांत एवढंच बोलले ते.

पांढऱ्या

गोळी उतरायला वर्षावर गेलं. आधी पाऊण, मग अर्धी, मग पाव. प्रत्येक वेळी कमी केली की सांधे दुखायचे, अंगात जीव नसल्यागत व्हायचं. गजकर्णाचं खरं औषध वेगळं होतं. घरातल्या सगळ्यांनी एकदमच घेतलं, टॉवेल वेगळे केले, कपडे उन्हात वाळवले, तेव्हा ते गेलं. एवढं साधं होतं ते. तोंडावरची सूज उतरली, मी परत काडी झाले. आता भेटणारा जो तो विचारतो, काय गं, तब्येत का खराब झाली? मी हसते. माझी तब्येत आता चांगली आहे, हे कुणाला पटत नाही.

रेघा जात नाहीत. तुटलेले धागे परत होते तसे जुळत नाहीत, रंग तेवढा उतरतो. तेल, मलम, मोबाइलवर दिसणाऱ्या बाटल्या, माझ्या मैत्रिणींनी काय काय सुचवलं. मॅडम म्हणाल्या होत्या, फिक्या होतील, पुसल्या जाणार नाहीत, उगाच कशाच्या मागं लागू नकोस. मी लागले नाही. अंघोळीच्या वेळी आधी बघायचे नाही, आता बघते.

मागच्या रविवारी माय ओसरीवर वाकळ शिवत होती. विरलेली लुगडी ती आत घालते, वरून आणि खालून धड कापड. मी शेजारी बसून लुगड्यांचे काठ उसवत होते. ती सेतू केंद्रातली पोरगी डोक्यातून जात नव्हती, त्यात काय झालं कुणास ठाऊक, दोन वर्षं जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं. म्हटलं, माय, फाइल नसती, मॅडम नसत्या, तर तू माझं खरं मानलं असतंस का?

तिनं दोन टाके घातले. मला वाटलं ऐकलंच नाही.

"न्हाय," माय म्हणाली.

मी काठ उसवत राहिले. ती खोटं बोलली असती तर मला लगेच कळलं असतं, हे तिलाही ठाऊक असावं.

थोड्या वेळानं तीच बोलली. "तवा म्या तुला इच्यारलं, कुणाचं हाय. त्या मॅडमनं इच्यारलं, कुठल्या गोळ्या खातीस. म्या तुझी माय असून मला सुचलं न्हाय, की पोरी, तुला काय हुतंय."

मी तिला माफ केलं का? अजून नाही. तिनंही मागितलेली नाही. तिच्या सुईतला दोरा संपला होता आणि तिला आता सुईचं भोक दिसत नाही. तिनं सुई माझ्यापुढं धरली, मी दोरा ओवून दिला.

त्या पोरीचा दाखला तयार होऊन आलाय. मी तो ड्रॉवरमध्ये वेगळा ठेवलाय. ती न्यायला आली की फॉर्म, पावती, सही, सगळं मागून. आधी तिला विचारणार आहे, तुला काय होतंय.